फाइलपासून पॅकेजपर्यंत: काही टिपणे

एक फाइल कधी पुरते

फाइल मोठी झाली की फोडायची, हा नियम मला पटत नाही. बॉटल ही मार्सेल हेलकॅम्प यांची वेब लायब्ररी २००९ सालची. काही हजार ओळींची ही लायब्ररी आजही एकाच फाइलमध्ये आहे आणि पायथनसोबत येणाऱ्या प्रमाण लायब्ररीखेरीज तिला दुसरे काही लागत नाही. ती फाइल उचलून आपल्या फोल्डरमध्ये टाकली की काम सुरू. ही सोय टिकावी म्हणूनच ती एकसंध ठेवली आहे.

फ्लास्कही एप्रिल २०१०मध्ये आली तेव्हा एकच फाइल होती. आज तिच्या सोर्स फोल्डरमध्ये अॅप, ब्लूप्रिंट, कॉन्फिग, सेशन, टेम्प्लेट, कमांड लाइन अशा प्रत्येक विषयाला वेगळी फाइल आहे. दोन्ही निर्णय योग्यच. ओळी किती झाल्या हे मोजण्यापेक्षा एक गोष्ट पाहावी: एका विषयात बदल करताना दुसऱ्या विषयाचा कोड वाचावा लागतो का? लागत असेल तर फोडायची वेळ झाली.

हाताशी धरलेले उदाहरण

या टिपणांपुरता एक प्रकल्प समोर ठेवतो. कवितेची ओळ द्यायची आणि तिचे वृत्त ओळखून घ्यायचे.

'मराठी' हा शब्द पायथनला दिला आणि लांबी विचारली, तर उत्तर पाच येते. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी असे पाच युनिकोड घटक तो मोजतो. आपल्याला हवी असतात तीन अक्षरे: म, रा, ठी. त्यांचा लगक्रम, म्हणजे लघु (ल) आणि गुरू (गा) यांचा क्रम, लगागा; हा यगण. असे चार यगण ओळीने आले की भुजंगप्रयात. 'पुस्तक'मधला 'पु' ऱ्हस्व असला तरी पुढे 'स्त' हे जोडाक्षर आहे, म्हणून तो गुरू. लगक्रम गालल, भगण.

पहिल्या आठवड्यात हे सगळे एका फाइलमध्ये छान मावते. मग वृत्तांची यादी वाढते, मात्रावृत्ते जोडावीशी वाटतात, कोणीतरी म्हणते की मला हे माझ्या वेबसाइटवर हवे आहे. इथून पुढे रचनेचा विचार टाळता येत नाही.

विषयाने फोडा

या प्रकल्पाचे चार भाग सहज पडतात. 'अक्षर'मध्ये ओळीची अक्षरे पाडायची, 'लगक्रम'मध्ये अक्षरांचे लघु-गुरू ठरवायचे, 'वृत्त'मध्ये लगक्रम यादीशी जुळवायचा आणि 'कमांड'मध्ये टर्मिनलवरून येणारी ओळ घेऊन उत्तर छापायचे.

'युटिल्स', 'हेल्पर्स', 'कॉमन' ही नावे टाळावीत. या नावांवरून आत काय आहे ते कळत नाही, त्यामुळे जे कुठे बसत नाही ते तिथे जाऊन पडते. वर्षभराने तीच फाइल सर्वांत मोठी होते आणि प्रकल्पातली प्रत्येक फाइल तिच्यावर टेकलेली असते. 'जोडाक्षर' नावाची तीस ओळींची फाइल 'हेल्पर्स'च्या तीनशे ओळींपेक्षा कितीतरी उपयोगी.

इम्पोर्टची दिशा

कागदावर चार चौकोन काढावेत आणि कोण कोणाला इम्पोर्ट करतो ते बाणांनी दाखवावे. कमांड वृत्ताला ओळखतो, वृत्त लगक्रमाला, लगक्रम अक्षराला. अक्षराला यांतले कोणीही ठाऊक नाही. बाण एकाच दिशेने जात आहेत तोवर प्रकल्प निरोगी.

बिघाड होतो तो असा. 'वृत्त'मध्ये 'चुकीची ओळ' नावाची एरर आपण लिहिलेली असते. एक दिवस 'अक्षर'लाही तीच एरर द्यावीशी वाटते, म्हणून तो 'वृत्त'ला इम्पोर्ट करतो. बाण उलटा फिरला, वर्तुळ पूर्ण झाले. पायथन मॉड्यूल वरून खाली ओळीओळीने चालवत आणतो. 'वृत्त' अर्धवट चाललेला असतानाच 'अक्षर' त्याच्याकडे एरर मागतो आणि ती अजून जन्मलेली नसते. पायथन ३.८पासूनचा संदेश तर स्पष्ट सांगतो की मॉड्यूल अर्धवट तयार आहे आणि कारण बहुधा चक्राकार इम्पोर्ट असावे.

इम्पोर्टची ओळ फंक्शनच्या आत ढकलून वेळ मारून नेता येते. खरा उपाय साधा आहे: सगळ्या एरर वेगळ्या छोट्या फाइलमध्ये, सगळ्यांच्या तळाशी. तिने कोणालाही इम्पोर्ट करायचे नाही.

इम्पोर्ट शोधतो कुठे

नवशिक्यांचे निम्मे प्रश्न इथे सुटतात. फाइल थेट चालवली की पायथन मॉड्यूल शोधताना सर्वांत आधी त्या फाइलचे फोल्डर पाहतो. म्हणून आपल्या फाइलला 'रँडम' नाव दिले की प्रमाण लायब्ररीतले 'रँडम' सापडेनासे होते आणि भलतीच एरर येते. पायथन ३.१३पासून संदेशातच सुचवलेले असते की तुमच्या फाइलचे नाव प्रमाण मॉड्यूलच्या नावाशी भिडते आहे, ते बदला.

याचीच दुसरी बाजू अशी. पॅकेजच्या आतली फाइल थेट चालवली, तर ती पॅकेजचा भाग आहे हे पायथनला कळत नाही आणि टिंबाने सुरू होणारे सापेक्ष इम्पोर्ट मोडतात. पायथनला 'डॅश एम' देऊन मॉड्यूलचे पूर्ण नाव सांगावे, म्हणजे तो पॅकेजच्या वाटेने आत शिरतो.

इनिट फाइल

फोल्डरमध्ये 'इनिट' नावाची फाइल असली की ते नेहमीचे पॅकेज झाले. पायथन ३.३पासून ती नसली तरी इम्पोर्ट चालतो, म्हणून पुष्कळजण ती गाळतात. गाळू नये. विना-इनिट फोल्डर ही खास सोय एकच नाव अनेक ठिकाणच्या पॅकेजांत वाटून घेणाऱ्यांसाठी आहे. काही बांधणी-साधने इनिट नसलेले फोल्डर शोधतच नाहीत. मग आपल्या मशीनवर सगळे चालते आणि दुसऱ्याकडे अर्धे पॅकेज पोहोचते.

इनिटमध्ये ठेवावे तेवढेच, जे बाहेरच्या माणसाने वापरावे असे आपल्याला वाटते. आपल्या प्रकल्पात 'वृत्त ओळख' हे एक फंक्शन आणि एरर, बस्स. आतली मांडणी उद्या बदलली तरी या दोन नावांनी वापरणाऱ्याचा कोड चालत राहतो. इनिटमध्ये जड काम करू नये. कोणी पॅकेजमधले छोटेसे काही मागितले तरी इनिट आधी पूर्ण चालते.

एसआरसी फोल्डर कशासाठी

पॅकेज प्रकल्पाच्या मुळाशी ठेवायचे की 'एसआरसी' नावाच्या फोल्डरच्या आत? मी आत ठेवतो. मुळाशी उभे राहून पायथन सुरू केला की चालू फोल्डर शोधाच्या यादीत असते. पॅकेज मुळाशीच असेल तर इन्स्टॉल न करताही सापडते आणि टेस्ट पास होतात. त्या टेस्टनी तपासले काय? आपल्या फोल्डरमधल्या फाइली. वापरणाऱ्याला मिळणार आहे ते तपासलेच नाही.

एसआरसी मांडणीत पॅकेज इन्स्टॉल केल्याशिवाय इम्पोर्टच होत नाही. 'पिप इन्स्टॉल डॅश ई टिंब' ही कमांड एकदा द्यायची. मग कोड बदलला तरी पुन्हा इन्स्टॉल करावे लागत नाही. त्या बदल्यात पॅकेजिंगमधल्या बऱ्याचशा चुका पहिल्याच दिवशी उघड्या पडतात.

थोडा इतिहास, कारण तो अजून आडवा येतो

इंटरनेटवरच्या जुन्या धड्यांमध्ये 'सेटअप' फाइल लिहायला सांगतात. ती परंपरा ग्रेग वॉर्ड यांच्या डिस्टयूटिल्सची, जे २००० साली पायथनसोबत येऊ लागले. २००३मध्ये पायपीआय हे सामाईक कोठार सुरू झाले, २००४मध्ये फिलिप एबी यांचे सेटअपटूल्स आले आणि २००८मध्ये इयन बिकिंग यांचे पिप.

अडचण अशी होती की सेटअप ही चालवायची पायथन फाइल होती. पॅकेजला काय काय लागते हे कळण्यासाठी ती चालवावी लागे. आणि ती चालवायलाच काही लागत असेल तर ते आधी कळायला मार्ग नव्हता. २०१६च्या पेप ५१८ने (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा औपचारिक प्रस्ताव) ही गाठ सोडवली. बांधणीला काय लागते हे 'पायप्रोजेक्ट' नावाच्या टॉमल फाइलमध्ये साध्या मजकुरात लिहायचे. २०२०च्या पेप ६२१ने नाव, आवृत्ती, लागणारी पॅकेजेस, लेखक हेही त्याच फाइलमध्ये लिहिण्याची एकच रीत ठरवून दिली. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या पायथन ३.१२मधून डिस्टयूटिल्स काढून टाकले गेले.

सेटअपटूल्स अजून आहे आणि चांगले चालते. मात्र नवा प्रकल्प सुरू करताना जुन्या धड्यावरून सेटअप फाइल उतरवून घेऊ नये.

पायप्रोजेक्टमध्ये किमान काय

दहा-पंधरा ओळी पुरतात. पहिला भाग बांधणीचा: कोणते साधन वापरणार. सेटअपटूल्स, हॅचलिंग, फ्लिट यांपैकी कोणतेही चालेल. साध्या पायथन प्रकल्पात या निवडीवर दिवस घालवू नये. दुसरा भाग प्रकल्पाचा: नाव, आवृत्ती, एका ओळीत वर्णन, कमीत कमी कोणता पायथन लागतो, कोणती पॅकेजेस लागतात. तिसरा भाग 'स्क्रिप्ट्स'चा. तिथे कमांडचे नाव आणि तिने बोलवायचे फंक्शन लिहिले, की इन्स्टॉल करणाऱ्याच्या टर्मिनलवर ती कमांड थेट चालते. फाइल कुठे आहे, कोणत्या फोल्डरमधून चालवायची, हे त्याला विचारावे लागत नाही. एखाद्या मराठीच्या शिक्षकाने उद्या हे साधन वापरावे असे वाटत असेल, तर ही एक ओळ सगळ्यात मोलाची.

वेगळे वातावरण

प्रत्येक प्रकल्पाला स्वतःचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. २०१२च्या पायथन ३.३पासून 'व्हेन्व्ह' पायथनसोबतच येते. डेबियन १२सारख्या लिनक्सवर पिपने थेट सिस्टिमच्या पायथनमध्ये काही घालू पाहिले तर तो नकार देतो. त्या नकाराला बगल देणारा पर्याय संदेशातच दिसतो. तो वापरू नये. सिस्टिमची कित्येक साधने त्याच पायथनवर चालतात.

डेटा फाइल, बारकाईने

वृत्तांची यादी कोडमध्ये न लिहिता वेगळ्या मजकूर फाइलमध्ये ठेवली, तर कोड न जाणणारा जाणकारही ती दुरुस्त करू शकतो. चांगला निर्णय, पण तो राबवताना तीन खड्डे आहेत.

पहिला: यादी उघडताना 'डेटा/वृत्ते' असा मार्ग लिहिला, तर तो चालू फोल्डरपासून मोजला जातो. वापरणारा दुसऱ्याच फोल्डरमध्ये उभा असतो. 'इम्पोर्टलिब'मधले 'रिसोर्सेस' वापरावे. ते पॅकेज जिथे असेल तिथून फाइल काढून देते.

दुसरा: सेटअपटूल्स वापरत असाल तर मजकूर फाइल आपण होऊन पॅकेजमध्ये जात नाही. 'पॅकेज-डेटा'मध्ये ती सांगावी लागते. 'डॅश ई'ने केलेले इन्स्टॉल मूळ फोल्डरकडेच बोट दाखवते, त्यामुळे ही चूक तिथे दिसत नाही. एसआरसी मांडणीही इथे वाचवत नाही. म्हणून पॅकेज बांधल्यावर तयार झालेले व्हील उघडून पाहावे. व्हील म्हणजे झिप फाइलच असते. आतली यादी वाचावी, वृत्तांची फाइल दिसते का ते डोळ्यांनी पाहावे. मिनिटभराचे काम आहे.

तिसरा खास आपल्या लिपीचा. फाइल उघडताना यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहिले नाही, तर विंडोजवर पायथन बहुधा १२५२ क्रमांकाची जुनी संकेतप्रणाली धरतो. देवनागरीचे हलन्त चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांचे: २२४, १६५, १४१. आणि १२५२मध्ये १४१ या जागेवर कोणतेच अक्षर नाही. म्हणून यादीत एक जोडाक्षर असले तरी वाचन थांबते. 'भुजंगप्रयात'मधला 'प्र' पुरेसा आहे. लिनक्सवर लिहिणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. पायथन ३.१५पासून यूटीएफ-८ हेच मूळ धरायचे ठरले आहे. पण लोकांच्या मशीनवर जुने पायथन पुढे कित्येक वर्षे राहतील. आज लिहिताना 'एन्कोडिंग' लिहाच.

नाव

पायथन ३ मॉड्यूलचे नाव देवनागरीत चालवून घेतो. पायपीआय मात्र पॅकेजच्या नावात फक्त इंग्रजी अक्षरे, अंक, टिंब, आडवी रेघ आणि अधोरेषा स्वीकारते. लहान-मोठी अक्षरे आणि रेघ-अधोरेषा यांतला फरक ते धरत नाही. नाव निवडण्याआधी तिथे शोधून घ्यावे.

इन्स्टॉल करायचे नाव आणि इम्पोर्ट करायचे नाव वेगळे असू शकते. पिलो इन्स्टॉल केले की इम्पोर्ट पीआयएल, सायकिट-लर्नचे एसकेलर्न, पायवायएएमएलचे नुसते वायएएमएल. जुन्या प्रकल्पांना यामागे कारणे होती. आपण दोन्ही नावे एकच ठेवावीत.

लागणारी पॅकेजेस किती घट्ट बांधावीत

लायब्ररी आणि अॅप्लिकेशन यांचे नियम उलटे आहेत.

एका वातावरणात एका पॅकेजची एकच आवृत्ती राहू शकते. आपल्या लायब्ररीने 'अमुक पॅकेज नेमके याच आवृत्तीचे' असे लिहिले आणि दुसऱ्या लायब्ररीने दुसरी आवृत्ती मागितली, तर दोन्ही वापरणाऱ्याचे काम अडते. म्हणून लायब्ररीत कमीत कमी आवृत्ती सांगावी आणि वरची मर्यादा खरे कारण असेल तेव्हाच घालावी.

सर्व्हरवर चालणारे अॅप्लिकेशन मात्र कडक बांधावे. आज जे चालले तेच सहा महिन्यांनी चालायला हवे, म्हणून सगळ्या आवृत्त्या लॉक फाइलमध्ये नोंदवून ठेवाव्यात. पोएट्री, यूव्ही, पिप-टूल्स हे काम करतात. प्रत्येकाची लॉक फाइल वेगळ्या धाटणीची असे. २०२५मध्ये पेप ७५१ने सर्वांसाठी एक समान धाटणी ठरवली.

आवृत्तीचा क्रमांक

पायपीआयवर एकदा चढवलेल्या फाइलचे नाव पुन्हा वापरता येत नाही, फाइल पुसून टाकली तरीही. त्यामुळे दुरुस्ती छोटी असली तरी क्रमांक नवा. सदोष आवृत्ती 'यँक' करता येते: नव्याने शोधणाऱ्यांना पिप ती देत नाही, पण ज्यांनी नेमका तोच क्रमांक बांधून ठेवला आहे त्यांचे काम अडत नाही. सरावासाठी टेस्ट-पायपीआय नावाचे वेगळे कोठार आहे. पहिले पॅकेज आधी तिथे चढवून पाहावे.

टेस्ट कशाची

'मराठी' दिले की लगागा यावे. 'पुस्तक' दिले की गालल. रिकामी ओळ दिली की नीट एरर. इंग्रजी अक्षरे मध्ये आली तर काय होते तेही तपासलेले असावे.

या टेस्ट लिहिताना रचनेची परीक्षा आपोआप होते. 'लगक्रम' तपासायला वृत्तांची फाइल उघडावी लागत असेल, तर दोन विषय अजून एकमेकांत अडकलेले आहेत. टेस्ट लिहिणे जड जाते तिथे बहुतेकदा दोष मांडणीत असतो.

सोबतचे कागद

रीडमीमध्ये तीन गोष्टी हव्यात: हे काय करते, कसे इन्स्टॉल करायचे, आणि उत्तरासकट एक उदाहरण. आणि परवाना. कोड नुसता उघड्यावर ठेवला म्हणून कोणाला तो वापरण्याचा हक्क मिळत नाही. परवान्याची फाइल नसेल तर कायद्याने सारे हक्क लेखकाकडेच राहतात. आपले काम लोकांनी वापरावे असे वाटत असेल तर एमआयटी किंवा अपाचेसारखा एखादा परवाना निवडून सोबत ठेवावा.

शेवटची परीक्षा

नवे, रिकामे वातावरण. त्यात बांधलेले व्हील इन्स्टॉल करा. प्रकल्पाच्या फोल्डरमधून बाहेर पडा. कमांड चालवा. उत्तर आले तर पॅकेज तयार. जमल्यास विंडोजच्या मशीनवरही हेच करून पाहा.

विद्यार्थ्यांसाठी

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प झिप फाइलमध्ये जमा होतात. त्यांत सी ड्राइव्हपासून सुरू होणारे, विद्यार्थ्याच्या नावाचे मार्ग कोडमध्ये लिहिलेले असतात आणि काय काय इन्स्टॉल करायचे हे कुठेच नसते. परीक्षा झाली की तो कोड पुन्हा कोणाच्याही मशीनवर चालत नाही. मराठीसाठी शुद्धलेखन तपासणारी, शब्द तोडणारी, बोलींचे शब्द जमवणारी कित्येक कामे अशीच विरून जातात आणि पुढची तुकडी तेच पहिल्यापासून लिहायला घेते.

म्हणून एक विनंती. दुसरी फाइल उघडाल त्याच दिवशी पायप्रोजेक्ट लिहा. पॅकेज करणे हे शेवटी उरकायचे काम समजू नका, कारण शेवटी त्याला वेळ उरत नाही. तुमचा कोड तुमच्या मित्राच्या मशीनवर एका कमांडमध्ये इन्स्टॉल होऊन चालला पाहिजे. तेवढे जमले तर पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तुम्ही थांबलात तिथून सुरुवात करू शकेल.